मिलिमीटरभर किड्याची ओळख

कांद्याच्या पातीवर चंदेरी ओरखडे दिसले, की पात उकलून पांढऱ्या कागदावर झटकावी. मिलिमीटरभर लांबीचे पिवळट कण चालू लागतात, तेच फुलकिडे. नुसत्या डोळ्यांना सगळे सारखेच.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र चित्र पालटते. पंख म्हणजे बारीक काडी आणि तिच्या दोन्ही कडांना केसांची झालर, इतकी देखणी की क्षणभर पिकाचे नुकसान विसरावे! मग मोजणी सुरू होते. कांद्यावरच्या थ्रिप्स टॅबॅसीच्या मिशीला 7 खंड, फ्रँकलिनिएला गटातल्या बहुतेकांना 8. थ्रिप्स पाल्मीलाही 7च. तेव्हा डोक्यावरचे तीन इवलेसे साधे डोळे बघावे लागतात. पाल्मीचे लालसर, टॅबॅसीचे राखाडी.

पिल्लांवरून जात ठरवणे फार अवघड, म्हणून काचपट्टीवर शक्यतो प्रौढ मादीच घेतात.