ठिणगी नेमकी कधी?

अलिबागजवळच्या चिंकारा मोटर्सने फायबरच्या बॉडीची उघडी, दोन आसनी रोडस्टर बनवली, तेव्हा तिच्यात इसुझूचे 1.8 लिटरचे पेट्रोल इंजिन बसवले. हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसात आणि अँबॅसेडर 1800 आयएसझेडमध्ये असायचे तेच हे इंजिन. सांगाडा एकाचा आणि इंजिन दुसऱ्याचे, हा किट कारच्या साऱ्या घराण्याचाच रिवाज. अशा गाड्यांचे हौशी मालक जगभर एक बदल करताना दिसतात: डिस्ट्रिब्यूटर काढायचा आणि त्याच्या जागी प्रोग्रॅम करता येणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे. ‘जोरदार ठिणगी, जास्त पिकअप’ असे त्याचे गुणगान होते. मला त्याचे खरे कारण दुसरीकडे दिसते. इंजिन ज्या गाडीसाठी जुळवलेले होते ती गाडीच आता राहिलेली नाही. वजन बदलले, सायलेन्सर बदलला, बहुतेकदा कार्बोरेटरही बदलला. मग ठिणगीची वेळ तरी जुनीच कशी चालेल?

ही वेळ किती बारीक असते ते पाहू. मिश्रण क्षणात भडकत नाही, ज्योत प्लगपासून पसरत जाते आणि त्याला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. दाब कमाल होण्याची योग्य जागा म्हणजे पिस्टन वरच्या टोकावरून पंधराएक अंश खाली आलेला असतो तेव्हाची, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधीच पाडावी लागते. मिनिटाला 900 फेऱ्यांवर क्रँकला एक अंश फिरायला 185 मायक्रोसेकंद लागतात, 3000 फेऱ्यांवर फक्त 56. म्हणजे त्याच दोन मिलिसेकंदांत एकदा क्रँक 11 अंश फिरतो आणि एकदा 36. फेऱ्या वाढल्या की सिलिंडरातली खळबळ वाढून ज्योतही वेगाने पसरते, त्यामुळे हा हिशोब सरळ रेषेत वाढत नाही. आणि थ्रॉटल अर्धवट उघडे असताना मिश्रण विरळ, त्यात मागच्या फेरीचा जळका वायू मिसळलेला, म्हणून ज्योत रेंगाळते. तेव्हा पूर्ण थ्रॉटलपेक्षा दहाएक अंश आधीही ठिणगी हवी असू शकते.

डिस्ट्रिब्यूटर हे सगळे दोन वजने, दोन स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमचा एक पडदा यांच्यावर भागवतो. चार्ल्स केटरिंगची बॅटरी, कॉइल आणि पॉइंटची रचना 1910 च्या कॅडिलॅकमध्ये आली आणि पुढे कितीतरी दशके तीच पद्धत गाड्यांत राहिली, ही काही लहान गोष्ट नाही. पण दोन स्प्रिंगांनी फार तर दोन तिरप्या रेषा आणि शेवटी एक अडथळा एवढेच काढता येते. मधेच ठिणगी जरा मागे घे, पुन्हा पुढे ने, असे सांगायची सोय त्यात नाही. शिवाय ती रेषा अँबॅसेडरसाठी काढलेली. जड गाडीत इंजिनावर जो भार सतत पडतो तो हलक्या रोडस्टरमध्ये क्वचितच पडतो. तिचे आयुष्य अर्धवट थ्रॉटलवर जाते, आणि ठिणगीच्या वेळेत सर्वांत जास्त चूक व्हायची शक्यता तिथेच असते. त्यात जोड-कार्बोरेटर लावले असतील तर व्हॅक्यूमही धड मिळत नाही. मग भार ओळखायला थ्रॉटलच्या दांड्यावर सेन्सर बसवावा लागतो.

नव्या पद्धतीत क्रँकच्या पुलीवर दातेरी चकती बसते. फोर्डच्या पद्धतीत तिच्यावर 36 दातांची जागा असते आणि त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला. समोरचा सेन्सर ही मोकळी जागा ओळखतो, त्यावरून क्रँक कुठे आहे ते कळते. मेगाजोल्टसारखी पेटी फोर्डच्या त्या जुळणीला जोडली की फेऱ्यांच्या दहा आणि भाराच्या दहा पायऱ्यांचा तक्ता मिळतो: शंभर घरे, प्रत्येकात एक अंशसंख्या, मधल्या किमती पेटी स्वतः काढते. ठिणगीच्या जोराचा फायदाही खोटा नाही. चार सिलिंडरांना एकच कॉइल असेल तर 6000 फेऱ्यांवर तिला सेकंदाला 200 ठिणग्या द्याव्या लागतात, म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये पाच मिलिसेकंद, आणि त्यातही पॉइंट मिटलेला असतो तेवढ्याच वेळात ती भरणार. दोन सिलिंडरांना एक कॉइल दिली की तो अवधी दुप्पट होतो. पण पॉइंट ठीक असलेल्या साध्या इंजिनात मिश्रण एरवीही पेटतच होते. फरक पडतो तो तक्त्यामुळे.

कोणी म्हणेल, मग त्याच जातीच्या इंजिनाचा तयार तक्ता उतरवून घ्यावा. इथे पुण्याच्या बजाजचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. 2003 च्या पल्सर डीटीएस-आयमध्ये एका सिलिंडरला दोन प्लग आले आणि ठिणगीची वेळ चिपमधल्या तक्त्यावरून ठरू लागली. दोन बाजूंनी ज्योत निघाल्यावर प्रत्येकीला कमी अंतर कापायचे, म्हणून ठिणगी तितकी आधी पाडावी लागत नाही. ज्वलनकक्षात एक प्लग वाढला तरी उत्तर बदलते, तर कॉम्प्रेशन, कॅम आणि पेट्रोल बदलल्यावर काय होईल? पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळू लागल्यापासून तर जुन्या इंजिनाचा छापील आकडाही पुन्हा तपासायला हवा. इथेनॉलमुळे नॉकिंगला विरोध वाढतो, पण जुन्या जेटच्या कार्बोरेटरमध्ये मिश्रण विरळ होते. दोन्हींचा ठिणगीवर होणारा परिणाम एकाच दिशेचा असेलच असे नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप शहराबाहेरचा आहे. बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्यात गाडी बंद पडली तर पॉइंट काचकागदाने घासून काम भागते, पेटी मेली तर काय करणार? आक्षेप खरा, पण अर्धाच. तालुक्याच्या गावांतल्या मोटारसायकलींतून पॉइंट कधीचे गेले. तिथला मिस्त्री सीडीआय, म्हणजे मोटारसायकलची इलेक्ट्रॉनिक इग्निशनची पेटी, उघडून दुरुस्त करत बसत नाही, बदलतो. किट कारच्या मालकाने जास्तीचा सेन्सर आणि वायरिंगचा कागदावर काढलेला नकाशा गाडीत ठेवला की निम्मी काळजी मिटते. उरलेली निम्मी फोर्डच्या रचनेतच सोडवलेली आहे: वेळ सांगणाऱ्या पेटीकडून संदेश येईनासा झाला की ठिणगी देणारा मोड्यूल ती वरच्या टोकाआधी ठरावीक 10 अंशांवर पाडत राहतो. गाडी मरगळते, पण चालते. पॉइंटचा टाका निसटला तर एवढीही सवलत नसते. मात्र तो मोड्यूल किंवा क्रँकचा सेन्सरच गेला तर गाडी जागीच उभी राहते, हे मान्य करायला हवे.

दुसरा आक्षेप डायनोचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा. पुण्या-मुंबईत तो भाड्याने मिळेल, परसवाड्यात कुठून आणणार? त्यावाचूनही बरेच जमते, कारण कमाल टॉर्कच्या आसपासचा आलेख माथ्यावर सपाट असतो. ठिणगी दोन-तीन अंश उशिरा पडली तर टॉर्कमधला फरक जेमतेम जाणवतो. उलट पूर्ण भारावर तेवढीच आधी पडली तर नॉकिंग सुरू होऊन पिस्टनच्या माथ्याला भोक पडू शकते. नुकसान असे एकतर्फी असल्यामुळे पूर्ण थ्रॉटलच्या ओळी मुद्दाम मागे ठेवाव्यात, अर्धवट थ्रॉटलच्या ओळी रस्त्यावर एकेक अंशाने पुढे न्याव्यात आणि प्रत्येक बदल वहीत लिहावा. त्याआधी मात्र तक्त्यात एक ठरावीक अंश भरून टायमिंग लाइटने पुलीवरची खूण तोच आकडा दाखवते का ते पाहायचे. चकती एका दाताने सरकून बसली तर सगळा तक्ता 10 अंशांनी चुकतो, आणि लॅपटॉपचा पडदा तरीही बरोबरच आकडे दाखवत राहतो.