ऑगस्टात जन्मलेले नववर्षगीत

चेन्नईहून पूर्व किनारा मार्गाने दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटर गेल्यावर लागणारे कोवलम (केरळातील विख्यात स्थळ ते हे नव्हे) मूळचे कोळ्यांचे गाव; अर्काटच्या नवाबांच्या अमदानीत तेथे बंदर नांदले, आणि हल्ली किनाऱ्यावरील आलिशान हॉटेलांपायी ३१ डिसेंबरच्या रात्री अर्धे शहर त्या दिशेस लोटते. पोलिसांचा बंदोबस्त कितीही कडक असो, बाराच्या ठोक्याला तमिळ मुलखात हमखास वाजणारे गाणे म्हणजे १९८२ सालच्या ‘सकलकला वल्लवन’मधील ‘इळमै इदो इदो’.

यातील नायक आणि गायक ही दोन नावे मराठी वाचकास परकी नाहीत, कारण आदल्याच वर्षी ‘एक दूजे के लिये’ने कमल हासनचा चेहरा आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा कंठ आपल्याकडे घरोघर पोहोचवला होता. शब्द वालींचे, संगीत इळैयाराजांचे, आणि निर्मिती एव्हीएम या मातब्बर संस्थेची.

नृत्यसंगीत त्या काळी यंत्राधीन होऊ लागले होते. एकेक वाद्य पृथक् मुद्रित करून थरावर थर चढविण्याची सोय लंडनमध्ये होती, आणि बंगळुरात जन्मलेल्या बिड्डू यांनी ‘कुर्बानी’तील नाझिया हसनचे ‘आप जैसा कोई’ १९८० साली तेथेच सिद्ध केले. मद्रासेतील दस्तूर निराळा. इळैयाराजांनी प्रत्येक वाद्याची स्वरलिपी स्वहस्ते लिहावी, वादकांनी ती उतरवून घ्यावी, मग गायकासह सारा ताफा एकदमच वाजू लागावा, आणि कुणा एकाचे बोट चुकले तर सर्वांनी पुनश्च आरंभ करावा! पण्णैपुरम या खेड्यातून आलेल्या आणि धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकलेल्या या गृहस्थाच्या रचनांत बेस गिटार नुसती ठेका धरून राहत नाही, स्वतःची चाल चालते. आजही हे गाणे शिळे वाटत नाही, याचे श्रेय मी त्या शिस्तीस देतो.

चित्रपट १४ ऑगस्ट रोजी लागला. त्याच दिवशी त्याच दिग्दर्शकाचा, एस. पी. मुत्तुरामन यांचा, आणि त्याच संगीतकाराचा ‘एंगेयो केट्ट कुरल’ हा रजनीकांतचा गंभीर चित्रपटही झळकला. परंतु प्रेक्षकांची झुंबड उडाली ती करमणुकीच्या खिडकीवर. गाण्याच्या चिरंजीवित्वाचे कारण मात्र पंचांगात शोधावे. तमिळ वर्ष चित्तिरै महिन्यात, एप्रिलमध्ये, उजाडते व त्याचे विधी ठरलेले आहेत. १ जानेवारीचे वतन मात्र बेवारस होते, ते इंग्रजी शुभेच्छांनीच सुरू होणाऱ्या या गाण्याच्या नावे चढले.

वतन आले की तंटाही येतो. २०२५ साली ‘गुड बॅड अग्ली’ या चित्रपटाने आपल्या अन्य गीतांबरोबर हेही विनापरवाना वापरल्याची तक्रार करून इळैयाराजांनी ५ कोटी रुपयांच्या भरपाईची नोटीस धाडली, आणि मद्रास उच्च न्यायालयाने त्या वापरास अंतरिम मनाई फर्मावली.