सरकारी बोटीनं नीलला

आमच्या दारव्ह्याहून कुठल्याही दिशेला सरळ रेघ मारा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. आमचं पाणी म्हणजे अडाण नदी, विहीर आणि नळ. त्यामुळे मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी अंदमानला जायचं काढलं तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "कशाला?"

ताईंनी (जाऊबाईंना मी ताईच म्हणते) काशीला जाते म्हटलं असतं, तर त्यांच्या मुलानं स्वतः रिझर्वेशन करून दिलं असतं. गल्लीतल्या बायकांनी गंगेत सोडायला सव्वा रुपया हाती दिला असता. माहूर, शेगाव, पंढरपूर... कुणी हूं की चूं केलं नसतं. पण एकसष्ट वर्षांची बाई, भावजी जाऊन अकरा वर्षं झालेली, ती नुसता समुद्र बघायला जाणार? तेही विमानानं, आणि वर बोटीत बसून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर?

"देवाले जातो म्हटलं का पैसे कमी लागतात काय?" ताईंनी विचारलं. आणि मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पैसे मायावालेच आहेत."

होतेच. दोन म्हशींचं दूध आणि बचत गटातली शिल्लक. भावजी होते तोवर ताईंच्या हातात पैसा आला की तो बी-बियाण्यात जायचा, आणि भावजी गेल्यावर कर्जात. ते फिटल्यानंतर जे साठलं, ते त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी बाजूला ठेवलं होतं. मुलगा वाईट नाही हो, आईला जपणारा आहे. पण "लोक काय म्हणतील" हे वाक्य आपल्याकडे चांगल्या मुलांच्याच तोंडी जास्त असतं.

शेवटी सेल्युलर जेल मदतीला आलं. सावरकरांची कोठडी बघायची म्हटल्यावर ती 'यात्रा' झाली, आणि विषय मिटला. आमचे हे म्हणाले, "मग जा बुवा, आम्ही कोण अडवणारे!"

आता हिशेबाचं सांगते, कारण मैत्रिणींनो, खरी गोष्ट तिथेच आहे. नागपूरच्या एका टूरवाल्यानं माणशी जो आकडा सांगितला, तो ऐकून ताई खुर्चीवरून उठल्याच. एका माणसाच्या त्या पैशांत आम्ही दोघी जाऊन आलो. नागपूरहून चेन्नई रेल्वेनं, स्लीपरनं. चेन्नईहून विमान, महिनोन्‌महिने आधी काढलेलं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून अंदमानला सरकारी जहाजंही जातात, आणि त्यातला बंकचा वर्ग स्वस्त पडतो. पण पोचायला जवळजवळ तीन दिवस लागतात आणि जहाजाच्या तारखा आपल्या सोयीनं नसतात. ते आम्हाला जमणारं नव्हतं. खरी बचत झाली ती पुढे, बेटांमधल्या बोटींत.

2025 च्या जानेवारीत, घरोघरची हळदीकुंकवं सुरू असताना आम्ही निघालो. ताईंना त्या दिवसांत गावात राहायचं नसतंच. याबद्दल त्या कधी बोलत नाहीत, मीही कधी विचारत नाही.

आपण ज्याला पोर्ट ब्लेअर म्हणायचो, त्याचं नाव 2024 च्या सप्टेंबरपासून श्रीविजयपुरम आहे. हॅवलॉक आता स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप, ही नावं 2018 च्या डिसेंबरात बदलली. तिथले लोक जुनी-नवी दोन्ही बोलतात. बोटीच्या चौकशीला जाताना दोन्ही पाठ असलेली बरी, म्हणजे फलक वाचताना गोंधळ होत नाही.

जेल पहिल्याच दिवशी पाहिलं. 1906 मध्ये बांधून पुरं झालेलं, सात हात पसरलेल्या चाकासारखं, त्यातले तीनच आता उभे आहेत. सावरकर इथे 1911 मध्ये आले आणि 1921 पर्यंत होते. कोठडीच्या दाराशी आणखी दोन मराठी कुटुंबं भेटली. ताई आत जाऊन भिंतीला हात लावून आल्या आणि बराच वेळ गप्प होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "इथून समुद्र दिसत असंन त्याईले?" मला सांगता आलं नाही. कोठडीची खिडकी फार उंचावर आहे, एवढंच मी पाहिलं होतं.

तर, बोट. हॅवलॉकला जायला दोन प्रकार. खासगी एसी बोटी वेगवान, साधारण दीड तासात पोचवतात, पण तिकीट हजाराच्या पुढे. आणि दुसरी सरकारी बोट. ती दोन-अडीच तास घेते आणि काही शे रुपयांत नेते. हॉटेलवाला, रिक्षावाला, सगळे आम्हाला खासगीच सुचवत होते. "सरकारीचं तिकीट मिळत नाही, मॅडम."

मिळतं, पण कष्टानं. तिकिटं थोडी आणि आधी हक्क बेटावर राहणाऱ्यांचा. त्यांचं भाडंही पर्यटकांपेक्षा कितीतरी कमी आहे. मला हे अगदी योग्य वाटलं. त्यांची ती एसटीच आहे, आपण हौशी. सकाळी खिडकी उघडायच्या आधी रांगेत उभं राहायचं, प्रत्येकाचं ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स जवळ ठेवायची, फॉर्मवर नाव-वय नीट लिहायचं. हल्ली ऑनलाइनही मिळतं, पण आमचं नशीब रांगेतच होतं. पहिल्या दिवशी आमच्या पुढच्या पाचव्या माणसाला संपलं. दुसऱ्या दिवशी मिळालं. खिडकीशी ताईंनी चौकशी केलीच, "बायकांले अर्धं नाही काय? आमच्या एसटीत हाये ना." (महाराष्ट्रात 2023 च्या मार्चपासून ते आहे, आणि ताईंना ती जगभरची पद्धत वाटते.) खिडकीतला माणूस हसला. अर्धं काही झालं नाही.

म्हणून सांगते, सरकारी बोटीनं फिरायचं तर एक दिवस हातचा राखून ठेवा. तिकिटासाठी लागतो, आणि समुद्र खवळला तर बोट रद्दही होते. मे ते सप्टेंबर तर त्या वाटेला जाऊच नये. परतीचं विमान आणि शेवटची बोट एकाच दिवशी कधीही ठेवू नका.

फिनिक्स बे जेट्टीवरून बोट भल्या सकाळी सुटली. तिकडे घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की सूर्य उगवतोही लवकर आणि मावळतोही. जानेवारीत साडेपाचला अंधारायला लागतं. त्यामुळे सगळं जग पहाटे उठून कामाला लागलेलं. बोटीत खाली खुर्च्या, वर मोकळा डेक. खासगी बोटींपैकी काहींमध्ये काचेआड बसून राहावं लागतं, हवेवर जाता येत नाही. आमच्या स्वस्तातल्या तिकिटात वारा फुकट होता.

पहिला अर्धा तास ताई आतच बसल्या, हातात देवीचा फोटो. बोट बंदराबाहेर पडून डोलायला लागली तेव्हा दोन-चार जणांना उलट्या सुरू झाल्या. आम्ही तयारीनं आलो होतो. रात्री हलकं जेवण, सकाळी दोन बिस्किटं, डॉक्टरांना विचारून घेतलेली गोळी बोट सुटायच्या आधीच, आणि पिशवीत आलेपाक. जागा मधली धरायची, तिथे हेलकावे कमी बसतात. पुस्तक, मोबाइल काढायचा नाही. नजर लांब, पाणी आणि आभाळ मिळतं त्या रेघेवर ठेवायची. रिकाम्या पोटानं जाऊ नका, आणि डोसा-सांबार हाणूनही नका!

मग मी त्यांना वर नेलं. कठडा दोन्ही हातांनी धरून त्या उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं खाली आला, तो त्यांनी परत घेतला, परत उडाला. तिसऱ्यांदा त्यांनी तो कमरेला खोचून टाकला. तेवढ्यात पाण्यातून चिमणीएवढे मासे उडाले, चांगले पाण्यावरून तरंगत लांब जाऊन पडले.

"माय वो! मासोळी उडून राह्यली!" ताई एवढ्या जोरात ओरडल्या की अख्खा डेक वळून बघायला लागला.

हॅवलॉकचं वर्णन सगळ्यांनी वाचलेलं असतं, फार लिहीत नाही. राधानगरचा किनारा 2004 मध्ये 'टाइम' मासिकानं आशियातला सर्वोत्तम ठरवला होता. जेट्टीवरून तिथे सरकारी बस जाते, टॅक्सीच्या मानानं काहीच्या काही स्वस्त. फक्त परतीच्या बसची वेळ आधी विचारून ठेवा. तिथे ताई गुडघ्यापर्यंत पाण्यात गेल्या, ओंजळ भरली, चव घेतली आणि थुंकली. "खारंच हाये," म्हणाल्या. इतकी वर्षं सांगोवांगी ऐकलेलं त्यांनी तपासून पाहिलं! एक शिंपला उचलला होता, तो मीच परत ठेवायला लावला. पोवळी-शिंपले नेणं गुन्हा आहे, विमानतळावर सामान बघतात.

दोन रात्रींनी हॅवलॉकहून नील. ही बोट तर तासा-सव्वा तासाचीच, आणि तिकीट आणखी कमी. नील लहान, शांत, भाजीपाल्याचं बेट. गावांची नावं ऐका : रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना दोन्ही बेटांवर सरकारनं जमिनी देऊन वसवलं, त्यांची ही वस्ती. ताईंना शेती दिसल्यावर समुद्राचा विसर पडला. वांग्याच्या वाफ्याशी उकिडव्या बसून मालकिणीशी खाणाखुणांनी खताची चर्चा! भरतीच्या वेळा विचारून आम्ही ओहोटीला लक्ष्मणपूरची दगडी कमान तेवढी पाहिली. पाणी चढलं की तिथवर चालत जाता येत नाही.

पण मला सांगायची आहे ती नीलहून परतीची बोट. तिच्यात भाजीची पोती होती, शाळेची मुलं होती, आणि आमच्या शेजारी एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला डोळे दाखवायला शहरात नेत होती. चाळिशीची असेल. हिंदी तिचं आमच्याइतकंच मोडकं, म्हणून छान जमलं. दवाखान्यासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी, पोराच्या कॉलेजसाठी, हीच बोट. वारा सुटला की तीन-तीन दिवस बोट नाही, मग तापानं फणफणलेलं पोर घेऊन बसून राहायचं. 26 डिसेंबर 2004 ला सुनामी आली तेव्हा ती नुकती लग्न होऊन नीलला आली होती. त्याबद्दल तिनं एवढंच सांगितलं की पाणी आधी मागे गेलं होतं. आणि मग विषय बदलला.

तिनं ताईंना विचारलं, "समुद्र पहली बार देखा?"

"हाव. एकसष्ट सालात."

बाई हसली, म्हणाली, मी अजून रेल्वे पाहिली नाही. मला आधी खरंच वाटलं नाही. पण अंदमानात रेल्वे नाहीच! मुख्य भूमीवर ती कधी आलेलीच नव्हती.

आणि मग आमच्या ताईंनी तिला शकुंतला सांगितली. मूर्तिजापूर-यवतमाळची आमची छोटी गाडी, दारव्ह्यावरून जाणारी, जिला 1994 पर्यंत वाफेचं इंजिन होतं. ताई लग्न होऊन त्याच गाडीनं आल्या. कशी हळू जायची, माणूस उतरून परत चढू शकायचा, पावसाळ्यात डब्यात छत्री उघडावी लागायची, डोळ्यांत कोळशाचे कण जायचे, आणि बसायला लागायचे किती थोडे पैसे. मराठीत, हिंदीत, हातवारे करून, तोंडानं शिट्टी काढून. म्हाताऱ्या आईला लेक बंगालीत समजावत होती आणि ती डोळ्यांवर पट्टी धरल्यासारखी मिटल्या डोळ्यांनी ऐकत होती. गाडी आता बंद पडली आहे, हे ताईंनी सांगितलंच नाही. मी सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी मला चिमटा काढला.

उतरताना त्या बाईनं आम्हाला पोत्यातली चार वांगी काढून दिली. हॉटेलात आम्ही ती काय करणार होतो? पण ताईंनी ती टॉवेलात गुंडाळून विमानातून, रेल्वेतून, एसटीतून दारव्ह्याला आणली. सुनेनं भरून केली. मुलगा जेवताना म्हणाला, "एवढ्या दूरून वांगी आणली, आई? आपल्या शेतात काय कमी हायेत?"

"खाय गुमान," ताई म्हणाल्या.

भिशीला आता दर महिन्याला चौकशी असते. उलटी होते का, साडी चालते का, पोळी मिळते का? (डाळ-भात सगळीकडे मिळतो, पोळी विचारून घ्यावी. थोडी रोख जवळ असू द्या.) ताई सगळ्यांना उत्तरं देतात. परवा एकीनं विचारलं की घरचे नाही म्हणाले तर काय सांगायचं. ताईंनी पदराच्या गाठीतून बोटीचं तिकीट काढलं, तिला दाखवलं, आणि म्हणाल्या, "पह्यले हे विचार ना, कितीले भेटलं."