थंडीच्या बागेतील ऑस्ट्रेलियन पाहुणे

नागपंचमीच्या सुमारास चिंब भिजलेला शिराळ्याचा परिसर दिवाळीपर्यंत कोरडा होऊ लागतो. पश्चिमेकडील चांदोलीच्या डोंगरांवरचे ढग विरतात, वारणा आणि मोरणा या नद्यांचे गढूळ पाणी निवळते, पहाटे गवतावर दव दिसू लागते आणि घरापुढच्या बागेत काम करण्याचे खरे दिवस सुरू होतात. झेंडू, शेवंती, ॲस्टर ही या दिवसांची नेहमीची मंडळी. मात्र शहरांतील रोपवाटिकांमध्ये हिवाळी फुलांच्या बियांची पाकिटे चाळली, तर त्यांत हेलिक्रायसम, ब्रॅकिकोम, ॲक्रोक्लिनियम अशी जरा अनोळखी नावेही आढळतात. कुंड्यांच्या रांगेत लाल तुऱ्यांचा बॉटलब्रश उभा असतो. या साऱ्यांचे माहेर एकच आहे, ते म्हणजे ऑस्ट्रेलिया.

पुणे-मुंबईकडे नोकरीनिमित्त राहणारी आणि शिराळा, पाटण, कराड या भागांत गावाकडचे घर राखून असलेली अनेक कुटुंबे आता तेथे हौसेने बाग करतात. त्यांच्यासाठी ही झाडे आकर्षक ठरतात. पाणी बेताचे लागते, निगा कमी लागते आणि फुले ऐन थंडीत येतात. मात्र ती लावण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत. त्यांना काय मानवते ही पहिली, आणि त्यांना कोठे लावू नये ही दुसरी. पहिलीकडे दुर्लक्ष झाले तर झाड मरते. दुसरीकडे दुर्लक्ष झाले तर झाड जगते आणि नुकसान आजूबाजूच्यांचे होते.

पाहुणे जुनेच आहेत

ऑस्ट्रेलियन झाडे आपल्याला नवीन नाहीत. ज्या झाडाला आपण निलगिरी म्हणतो, त्याचे हे नावच मुळी तमिळनाडूतील निलगिरी पर्वतावरून पडले. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्रजांनी जळणासाठी युकॅलिप्टसची लागवड सुरू केली. त्याहीपूर्वी टिपू सुलतानाने नंदी टेकडीवरच्या आपल्या बागेत या झाडाचे बी लावले होते, असे मानले जाते. सातारा जिल्ह्यातील पाचगणीची ओळख बनलेला सिल्व्हर ओक हाही पूर्व ऑस्ट्रेलियातला. नावात ‘ओक’ असला तरी ओक वृक्षाशी त्याचे काही नाते नाही. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी तो भारतात आला आणि थंड हवेच्या ठिकाणी रुळला. कोकणच्या किनाऱ्यावर वाऱ्यात सूं-सूं करणारे सुरूचे बन आपण अस्सल कोकणी समजतो. पण त्या वृक्षाचे मूळ स्थान आग्नेय आशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि प्रशांत महासागरातील बेटे हे आहे.

आपली जांभूळ, पेरू आणि लवंग ज्या कुळात मोडतात, त्याच ‘मिर्टेसी’ कुळात निलगिरी आणि बॉटलब्रशही येतात. जांभळाचा मोहोर जवळून पाहिल्यास पाकळ्यांपेक्षा पुंकेसरांचा झुबकाच नजरेत भरतो. बॉटलब्रशचा लाल ‘ब्रश’ म्हणजेही पाकळ्या नव्हेत. ते असंख्य लांब पुंकेसर असतात. पाहुणा परका असला तरी लांबचा नातलग आहे, एवढे यावरून कळते.

दोन सतरा अंश

शिराळा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७ अक्षांशावर आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातील केर्न्स हे शहर विषुववृत्ताच्या दक्षिणेस जवळपास तितक्याच अंशांवर वसले आहे. म्हणजे सूर्याचा हिशेब दोन्हीकडे सारखा, फक्त ऋतू उलटे. उत्तर क्वीन्सलँडच्या टापूतली झाडे आपल्याकडे बाराही महिने तग धरतात, याचे एक कारण हेच आहे. सोसायट्यांच्या प्रवेशद्वारांशी दिसणारा, कोल्ह्याच्या शेपटीसारख्या झुबकेदार झावळ्यांचा फॉक्सटेल पाम हा तेथील केप यॉर्क द्वीपकल्पातला आहे. त्याची शास्त्रीय नोंद १९८३ मध्ये झाली आणि पुढच्या काही दशकांतच तो जगभरच्या बागांत पोहोचला. अशा उष्ण प्रदेशातल्या झाडांची वाढ थंडीत मंदावते. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी त्यांना खत देऊ नये आणि पाणीही कमी करावे.

दुसरा गट नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातला. पर्थ हे शहर ज्या स्वान नदीच्या काठी आहे, तिच्यावरूनच ब्रॅकिकोमला इंग्रजीत ‘स्वान रिव्हर डेझी’ म्हणतात. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा असतो आणि सौम्य, लख्ख उन्हाच्या वसंतात ही फुले उमलतात. आपला उन्हाळा आणि मुसळधार पावसाळा या नाजूक रोपांना सोसत नाही. पण आपली थंडी त्यांना घरच्या वसंतासारखी वाटते. ज्या काळात आपल्याकडे हवा कोरडी, ऊन स्वच्छ आणि रात्री गार असतात, तोच त्यांचा मोसम. फरक एवढाच की तेथे हिवाळी पावसाचे पाणी मिळते, ते येथे आपल्याला द्यावे लागते.

हिवाळी वाफा

हेलिक्रायसम हे या गटातील सर्वांत भरवशाचे फूल. पाकिटांवर अजूनही हेच नाव छापलेले असले, तरी शास्त्रज्ञ आता त्याला झिरोक्रायसम म्हणतात. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १८०३ साली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हेंतेना यांनी केले, तेही ऑस्ट्रेलियात जाऊन नव्हे. पुढे फ्रान्सची सम्राज्ञी झालेल्या जोसेफिनच्या माल्मेझाँ येथील बागेत वाढलेल्या रोपावरून त्यांनी ते लिहिले. आपण ज्यांना पाकळ्या समजतो, ती या फुलातील कागदासारखी कोरडी छदे असतात. पिवळा, केशरी, गुलाबी, तांबडा, पांढरा असे त्यांचे रंग. दव पडल्यावर ती मिटतात आणि ऊन चढले की उघडतात. सकाळी आठ वाजता मिटलेले फूल पाहून रोप आजारी आहे, असे समजू नये.

पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत बी पेरावे. ते अत्यंत बारीक असते आणि उगवण्यासाठी त्याला उजेड लागतो, म्हणून मातीत गाडू नये. ओलसर मातीवर भुरभुरून हलकेच दाबावे आणि झारीऐवजी फवाऱ्याने पाणी द्यावे. चार-पाच पाने आल्यावर रोपे २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर, भरपूर उन्हाच्या जागी लावावीत. शेंडा एकदा खुडल्यास फांद्या वाढतात आणि फुलेही. फुले सुकवून ठेवायची असतील तर ती पूर्ण उमलण्यापूर्वी, मधला भाग दिसू लागण्याआधीच तोडावीत. जुडी बांधून सावलीत, वारा खेळेल अशा ठिकाणी उलटी टांगावी. अशी फुले महिनोन् महिने रंग टिकवतात.

ब्रॅकिकोम जेमतेम वीतभर उंच वाढते आणि निळ्या-जांभळ्या, पांढऱ्या, गुलाबी फुलांनी भरून जाते. टांगत्या कुंडीसाठी किंवा वाफ्याच्या कडेसाठी ते उत्तम. ॲक्रोक्लिनियमही हेलिक्रायसमसारखेच कागदी, पण त्याची फुले अधिक नाजूक असतात. या तिघांचाही शत्रू एकच, साचलेले पाणी. वारणाकाठची काळी, चिकण माती उसाला कितीही मानवली, तरी या रोपांची मुळे तिच्यात कुजतात. म्हणून गादीवाफा करावा आणि मातीत मुरूम किंवा जाडी वाळू मिसळावी. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पुन्हा पाणी द्यावे.

तुऱ्यांचे झाड

घरापुढे एखादेच कायमचे ऑस्ट्रेलियन झाड हवे असेल, तर ते बॉटलब्रशचे असावे. ते आटोपशीर वाढते. मुख्य बहर थंडी सरताना आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. अधूनमधून इतर वेळीही तुरे दिसतात. मधासाठी शिंजीर, चष्मेवाला आणि बुलबुल तेथे हटकून येतात.

हे झाड नीट पाहिले तर एक गंमत दिसते. तुरा फांदीच्या टोकाशी असतो. पण फुले गळल्यावर त्याच टोकातून फांदी पुढे वाढत जाते. मागे उरतात ती खोडाला चिकटलेली, मण्यांसारखी टणक फळे. त्यांतले बी वर्षानुवर्षे बंद राहते आणि फांदी वाळली किंवा वणव्यात होरपळली की बाहेर पडते. वणव्यांच्या देशातल्या झाडाने पुढच्या पिढीसाठी केलेली ही तरतूद आहे. बागेत मात्र बहर संपताच वाळलेल्या तुऱ्याच्या जरा मागे छाटणी करावी, म्हणजे झाड दाट होते. जून, पाने नसलेल्या लाकडात छाटू नये. रोप गुटी कलमाचे घ्यावे. बियांपासूनच्या रोपाला फुलायला अधिक वेळ लागतो. चुनखडीच्या जमिनीत याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असून, शेणखत आणि लोहयुक्त सूक्ष्मद्रव्य देऊन ते दुरुस्त होते.

सोनेरी पानांचा, कुंपणासाठी लावला जाणारा ‘गोल्डन बॉटलब्रश’ हा याचाच भाऊबंद. त्याचा रंग पूर्ण उन्हातच खुलतो.

हात आखडता घ्या

ऊसपट्ट्यातल्या माणसाला खत कमी द्या, असे सांगणे अवघड. लागण म्हटली की डीएपी किंवा सुपर फॉस्फेट आलेच आणि कुंडी भरताना मूठभर हाडांचा चुरा टाकण्याची सवय शहरातही आहे. या तिन्हींमध्ये स्फुरद भरपूर असते. ऑस्ट्रेलियाची बरीचशी जमीन अतिप्राचीन, झिजलेली आणि स्फुरदाला पारखी आहे. तेथील झाडांनी, विशेषतः सिल्व्हर ओकच्या कुळाने, कणकण स्फुरद शोषण्यासाठी दाट झुबक्यांची खास मुळे विकसित केली. ज्याने आयुष्यभर कण वेचले, त्याच्यापुढे पोते ओतले की ते त्याला बाधते. पानांच्या कडा करपतात आणि रोप खंगत जाते. सिल्व्हर ओक स्वतः बराच सोशिक आहे. पण त्याच्याच ग्रेव्हिलिया या प्रजातीतील शोभेची झुडपे आणल्यास हे पथ्य काटेकोरपणे पाळावे. कुजलेला पालापाचोळा आणि थोडे जुने शेणखत एवढे पुरे.

कुंपणापलीकडे

आता दुसरा प्रश्न, कोठे लावू नये याचा. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या लाटेत निलगिरी बांधाबांधावर गेली. पुढे ती पाणी पिते, तिच्याखाली काही उगवत नाही, अशी तिची बदनामी झाली. उघड्या माळांवर आणि टेकड्यांवर ऑस्ट्रेलियन बाभळीच्या एकसुरी लागवडी उभ्या राहिल्या. ही झाडे भराभर वाढतात, लाकूड देतात, हे खरेच आहे. परंतु सह्याद्रीच्या पाखरांना, फुलपाखरांना आणि जनावरांना त्यांचा उपयोग फार थोडा, आणि ऑस्ट्रेलियन बाभळीचे बी तर लागवडीबाहेरही सहज पसरते.

याची उलट बाजू अधिक बोलकी आहे. आपल्या शिवारातली साधी बाभूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी क्वीन्सलँडमध्ये नेण्यात आली. आज ती तेथील गवताळ प्रदेश गिळणारे काटेरी संकट आहे आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय पातळीवरील घातक तणांच्या यादीत तिचे नाव आहे. आपल्या अंगणातली साळुंकी १८६२ साली मेलबर्नला नेऊन सोडली गेली. तीही तेथे उपद्रवी ठरली. बाभूळ येथे उपकारक आणि तेथे शाप आहे. दोष झाडाचा नसून जागेचा असतो, हे यावरून ध्यानात यावे.

शिराळा तालुक्यात या जागेचे महत्त्व अधिक आहे. तालुक्याची पश्चिम कड चांदोली राष्ट्रीय उद्यानाला भिडते. हे उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. मणदूर-आरळ्याच्या बाजूला कोणी शेतघर बांधून त्याभोवती निलगिरीची किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीची रांग लावली, तर ती रांग आपल्या सातबाऱ्याची हद्द पाळीलच, याची खात्री देता येत नाही. वारा आणि पाखरे ती हद्द ओळखत नाहीत.

म्हणून साधा नियम करावा. गावठाणात, शहरात, गच्चीवर आणि कुंडीत हेलिक्रायसम, ब्रॅकिकोम, बॉटलब्रश खुशाल लावावेत. हंगामी फुले मार्चअखेर संपतात. वाळलेली रोपे उपटून खतखड्ड्यात टाकावीत. सिल्व्हर ओक आणि निलगिरी ही उंच वाढणारी, वादळात फांद्या मोडणारी झाडे घराजवळ आणि विहिरीजवळ नकोत. जंगलाच्या कडेला मात्र देशी झाडेच लावावीत. तेथे थंडीत लाल फुले हवी असतील, तर सह्याद्रीची धायटी आहे. ऐन हिवाळ्यात ती लालभडक फुलते आणि तिच्यावरही शिंजीर तितक्याच आवडीने येतो. कुंपणाला करवंद आहे, सावलीला जांभूळ आणि हिरडा आहे.

यंदाच्या थंडीत वाफा तयार कराल, तेव्हा हेलिक्रायसमचे एक पाकीट जरूर आणा आणि त्याच दिवशी धायटीचे एक रोपही. पाहुण्यासाठी अंगण आणि घरच्यासाठी शिवार, अशी वाटणी ठेवली तर दोघांचेही आपल्याकडे उत्तम चालेल.