मुंगसाचे माणसाळणे आणि फेरेटचे पाळीवपण

सोलापूर जिल्ह्यातील ज्वारीच्या व उसाच्या शेतांत बांधावरून दिवसाढवळ्या सरसर जाणारे मुंगूस शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. उंदीर, साप, विंचू व किडे हे त्याचे भक्ष्य होय. त्याचे पिल्लू धरून घरी वाढविले म्हणजे उंदरांचा बंदोबस्त आपोआप होईल, असे कित्येकांस वाटते. परंतु माणसाळणे व पाळीव होणे यांत मोठा भेद आहे.

युरोपात फेरेट नावाचा, मुंगसासारखाच लांबट अंगाचा व आखूड पायांचा प्राणी पाळतात. युरोपीय पोलकॅट हा त्याचा रानटी पूर्वज समजला जातो. दोहोंच्या गुणसूत्रांची संख्या ४० असून त्यांच्या संकराची संतती प्रजननक्षम असते. अशा प्राण्यांच्या तोंडाला मुसके बांधून त्यांना सशांच्या बिळांत सोडीत असत, असे स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेविले आहे. पुढे पिढ्यान्‌पिढ्या गरीब स्वभावाची जनावरे निवडून त्यांचीच पैदास करण्यात आली. त्यामुळे माणसाविषयीची निर्भयता फेरेटच्या रक्तातच उतरली.

मुंगसाचे तसे नाही. दिसण्यात साम्य असले तरी फेरेट हा पाणमांजराच्या कुळातील, तर मुंगूस हे मांजर व तरस यांना अधिक जवळचे आहे. पंचतंत्रात घरी वाढविलेल्या मुंगसाची कथा आहे. गारुडीही मुंगूस बाळगीत. परंतु त्याची निवडक पैदास करून पाळीव जात कोणी निर्माण केली नाही. माणसाळलेपण त्या एका जनावराबरोबरच संपते; त्याची पिल्ले पुन्हा रानटीच निपजतात.

असे प्राणी नवख्या मुलुखात सोडण्याचे परिणामही लक्षात घेण्याजोगे आहेत. उसातील उंदरांवर उपाय म्हणून १८७२ साली कलकत्त्याहून लहान भारतीय मुंगसे जमैकात नेण्यात आली. प्रारंभी उंदीर कमी झाले. परंतु उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा. पुढे मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे व कोंबड्या यांचाही फडशा पाडला. न्यूझीलंडमध्ये १८८० नंतरच्या दशकात सशांसाठी सोडलेले फेरेट रानटी बनले व तेथील पक्ष्यांच्या मुळावर आले.

आपल्या शिवारात मात्र मुंगूस मूळचेच आहे. तेथे त्याला मोकळे राहू देणे हाच त्याचा खरा उपयोग होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्यास पकडणे, मारणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. त्याच्या केसांचे ब्रश विकत घेणेही टाळावे.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात. बांधावरील सर्व झुडपे जाळू नयेत. थोडा आडोसा राखावा. विषाने मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून खोल पुरावेत, कारण ते खाऊन मुंगूस व घुबड यांनाही विषबाधा होऊ शकते. कोंबड्यांचे खुराडे पक्क्या जाळीचे करावे व पिल्ले दिवसाही मोकळी सोडू नयेत. इतके केल्यास शेजारी राहूनही मुंगसाचा उपद्रव होणार नाही आणि न पाळताही ते शेतकऱ्याच्या कामी येईल.