वाटेतच संपायला हवेत, तरी हे कण तुमच्या तळहातापर्यंत पोचतात कसे?

आत्ता मोबाईल धरलाय तो हात बघा. त्यातून दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातोय. जाणवत नाही, दिसत नाही. पण साधा हिशोब केला तर यातल्या बहुतेकांनी इथवर पोचायलाच नको होतं.

म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा वजनदार भाऊ, जवळपास २०७ पट जड. अवकाशातून येणारे वैश्विक किरण हवेवर आदळले, की साधारण १५ किलोमीटर उंचीवर हे कण तयार होतात. अडचण त्यांच्या आयुष्याची आहे. सरासरी फक्त २.२ मायक्रोसेकंद! तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानं पळूनही ६६० मीटरच जाता येतं. मग उरलेले चौदा किलोमीटर?

आईनस्टाईननं १९०५ मध्येच सांगितलं होतं, की वेगानं जाणाऱ्या वस्तूचं घड्याळ आपल्या तुलनेत हळू चालतं. पण हे नुसतं कागदावरचं गणित नाही कशावरून?

डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते मोजूनच दाखवलं. माउंट वॉशिंग्टनच्या माथ्यावर त्यांना तासाला सरासरी ५६३ म्यूऑन सापडले. मग मोजणी समुद्रसपाटीला, सुमारे १९०० मीटर खाली. वेळ सगळ्यांसाठी सारखाच असता तर तिथे २७ उरायला हवे होते. मिळाले ४०८! आपल्या घड्याळात या प्रवासाला ६.४ मायक्रोसेकंद लागले, म्यूऑनच्या घड्याळात जेमतेम ०.७. हे १९६३ मध्ये छापून आलं.

खरी गंमत पुढे आहे. म्यूऑनला स्वतःचं घड्याळ हळू वाटतच नाही. त्याच्या दृष्टीनं तो जागेवरच आहे आणि डोंगर अंगावर येतोय, तोही चेपलेला, सव्वादोनशे मीटरच्या आत. बरोबर कोण? दोघंही. खाली पोचलेले म्यूऑन दोन्ही हिशोबांत तितकेच निघतात.

(वेगात राहून तरुण राहायचा बेत असेल तर सोडा. ताशी १६० किलोमीटरच्या ट्रेनमध्ये वर्षभर न उतरता बसलात, तरी एक मायक्रोसेकंदही वाचणार नाही.)

वाटेत वाचलेल्या या म्यूऑनचा उपयोगही होतो. मुंबईच्या टीआयएफआरचा उटीला ग्रेप्स-३ नावाचा प्रयोग आहे. डिसेंबर २०१४ मध्ये वादळी ढग डोक्यावर असताना तिथे येणारे म्यूऑन कमी झाले. त्या घटीवरूनच शास्त्रज्ञांनी ढगातला विद्युतदाब काढला : सुमारे १३० कोटी व्होल्ट.