डावा खेकडा, उजवा माणूस

रेवदंड्याला कुंडलिका खाडीच्या चिखलाशी ओहोटीला अर्धा तास न हलता बसलं, की बिळांतून इवले खेकडे बाहेर येतात. फिडलर क्रॅब. नराची एक नांगी जवळजवळ अंगाएवढी, दुसरी चिमुकली. मोठी हलवून तो मादीला बोलावतो, छोटीने चिखल उचलून तोंडात घालतो. मी आणि माझी दहा वर्षांची भाची मोठी नांगी कुठल्या बाजूला आहे ते मोजत बसलो. उजवे किती, डावे किती? पारडं कुठेच झुकेना.

ते झुकणारही नव्हतं. या खेकड्यांच्या बहुतेक जातींत डावे-उजवे निम्मे निम्मे असतात. जपानमधल्या एका जातीवर प्रयोग झाले आहेत. त्यात लहानपणी नराच्या दोन्ही नांग्या सारख्या असतात, पुढे त्यातली एक गळते आणि उरलेली वाढत जाते. कुठली गळायची हा नशिबाचा भाग.

चौल-नागावच्या वाड्यांतले माडही तसेच. झावळ्या खोडाभोवती चक्राकार निघतात, काही माडांत डावीकडे वळत, काहींत उजवीकडे. टी. ए. डेव्हिस या भारतीय संशोधकाने १९६२मध्ये दाखवून दिलं, की हे वळण रोपाला आईकडून मिळत नाही. डाव्या माडाच्या नारळांतूनही डावी आणि उजवी रोपं साधारण सारखीच येतात.

आणि माणूस? इथे मात्र पारडं पार कललेलं आहे. सुमारे २४ लाख लोकांची माहिती एकत्र करून २०२०मध्ये आकडा निघाला: डावखुरे १०.६ टक्के. शेकडा दहा-अकरा! निसर्गाने नाणं उडवलं असतं तर पन्नास यायला हवे होते. मला हे कोडं फार मोलाचं वाटतं, कारण त्याचं उत्तर संस्कारात नाही, निदान पुरतं नाही. बेलफास्टमध्ये पीटर हेपर यांनी गर्भातली बाळं कुठला अंगठा चोखतात ते सोनोग्राफीत पाहिलं आणि त्यातल्या ७५ मुलांना पुढे दहा-बारा वर्षांची झाल्यावर तपासलं. उजवा अंगठा चोखणारी साठच्या साठ उजवी निघाली. डावा चोखणाऱ्या पंधरांपैकी दहा डावखुरी, पाच मात्र उजवी. म्हणजे कल जन्माआधीच दिसतो, पण शिक्का पक्का नसतो. या कलामागे जनुक एक नाही, अनेक आहेत आणि प्रत्येकाचा वाटा अगदी थोडा. एकसारख्या जुळ्यांतही एक डावा, एक उजवा निघतो.

त्यातून ‘डावखुरा’ हा शब्दही अपुराच. सचिन तेंडुलकर बॅटिंग उजव्या हाताने करायचा, लिहितो डाव्या हाताने. अलिबागच्या किनाऱ्यावर उभे असाल तर एक करून पाहा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, तिच्यातून कुलाबा किल्ल्याचा एक बुरूज दोन्ही डोळ्यांनी पाहा. मग एकेक डोळा मिटा. एका डोळ्याला बुरूज फटीतच दिसेल, दुसऱ्याला नाहीसा होईल. ज्याला दिसत राहिला तो तुमचा वरचढ डोळा. दोन-तृतीयांश लोकांत तो उजवा असतो. भाचीचा उजवा निघाला. चेंडूही ती उजव्या पायाने मारते. हात तेवढा डावा.

डावखुऱ्यांचा मेंदू उलटा चालतो, हा समजही सोडून द्यायला हवा. दहांतल्या सुमारे सात डावखुऱ्यांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यातच असते, उजव्या हाताच्या बहुतेकांसारखी.

पहिलीत भाचीला उजव्या हाताने लिहायला बसवत. अक्षर बिघडलं, मग ती वहीच लपवू लागली. हे आठवलं की अजून जिवाला लागतं. डाव्या हाताने लिहिताना मनगट ओल्या शाईवरून पुढे सरकतं, शिरोरेषा फासली जाते. वही थोडी उजवीकडे कलती ठेवली की ते बरंच टळतं. इतकं साधं होतं. जेवते ती उजव्या हातानेच, आजीने शिकवलं म्हणून, आणि त्याचा तिला काही त्रास नाही.

परवा ती खवणीवर बसली. आजी म्हणाली, “बायो, वाटी उलटी कशाला फिरवतेस? हात कापशील.” ती फिरवतच राहिली. झाल्यावर आजीने करवंटी उजेडात धरून पाहिली. खोबऱ्याचा पांढरा ठिपकाही उरला नव्हता.